पाळकीणबाई जेवायला गेल्या

पाळकीणबाई कुणाच्या घरी चहासुद्धा घेत नसत. "आत्ताच झाला हो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सकाळी विचारा, दुपारी विचारा, बाईंचा चहा आपला आत्ताच झालेला! मग घसा कोरडा पडलेला असला तरी बेहत्तर. वडील शाळामास्तर, गरीब पण ताठ. त्यांनी लहानपणीच बजावून ठेवलं होतं, "देणाऱ्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली. आपला कायम वर ठेवायचा." पोरीने ते इतकं मनावर घेतलं की स्वतःच्या लग्नात आहेर घेतानाही तिचं तोंड उतरलं होतं म्हणे.

लग्न झालं ते चर्चमधल्या पाळकाशी. माणूस सरळ, थोडा विसरभोळा, बायकोच्या शब्दाबाहेर नाही. एकुलती एक मुलगी शिकून लांब नोकरीला गेली आणि पन्नाशी उलटल्यावर या दोघांनी ठरवलं, उरलेलं आयुष्य परदेशात मिशनच्या सेवेत घालवायचं. ज्या वयात बायका गुडघे धरून बसतात त्या वयात बाई नवी भाषा शिकायला बसल्या. शिकल्याही! व्याकरण जरा लंगडायचं, पण भांडता येण्याइतकी शिकल्या, आणि भांडता आलं की भाषा आली असं खुशाल समजावं.

आता एक आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा गैरसमज नको. बाईंचं काम खोटं नव्हतं. मिशनच्या इमारतीत खाली लांबट सभागृह, वर यांच्या दोन खोल्या. सभागृहात आठवड्यातून दोनदा गरम जेवण असे आणि पहाटेपासून कांद्यांचा ढीग चिरणाऱ्या बाईच असत. कुणी अंथरुणाला खिळला तर त्याची चादर बदलायला त्याच जात, नाकाला पदर न लावता. फक्त एक होतं. कुणी म्हणालं, "बसा, पाणी घ्या," की बाई लगेच उभ्या राहत. कामाचा माणूस बसतो कशाला?

समोरच्या इमारतीत खाली एक इस्त्रीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लांब टेबल, एक जड इस्त्री आणि वर तारेवर लोकांचे शर्ट. ते चालवणारी बाई त्याच इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर राहायची. नवरा आचारी. तो ज्या खानावळीत होता ती बंद पडली आणि तेव्हापासून तो घरीच. पोरगा एक, पोरगी एक. सभागृहाचे पडदे आणि टेबलांवरची कापडं या इस्त्रीवालीकडे जात. ती बाईंना "ताई" म्हणायची आणि पडदे देताना दोन शब्द जास्तीचे बोलायची. खरं सांगायचं तर त्या सगळ्या गावात बाईंशी काही न मागता बोलणारी तेवढी एकच होती. पण बाईंच्या ते ध्यानात कुठलं यायला!

नाताळ तोंडावर आला होता. बाई पडद्यांचं बोचकं घेऊन दुकानात गेल्या. इस्त्रीवालीने सहज विचारलं, "मग, लेक कधी पोचतेय?"

"नाही येत या वर्षी," बाई म्हणाल्या. "रजा नाही मिळाली." एवढंच म्हणायचं होतं, पण आवाज दगा देऊन गेला. डोळ्यांतून पाणी आलं ते थेट कुणाच्या तरी नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टावर पडलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इस्त्रीवालीने इस्त्री उभी ठेवली, स्टूल पुढे ओढलं, शर्ट बाजूला केला.  मग म्हणाली, "नाताळच्या संध्याकाळी आमच्याकडे या, ताई. दोघंही या. मी वाट बघते हं, नक्की या."

तुम्हाआम्हाला हे जेवणाचं आमंत्रण वाटेल. बाईंना तो अर्ज वाटला.

तसं का वाटावं? भाषा कळली नाही म्हणून नव्हे, शब्द न् शब्द कळला होता. पण त्या कामात "एकदा घरी या ना" म्हणणारा प्रत्येक जण पुढे काहीतरी मागत असे. छप्पर गळतंय, पोराला बूट नाहीत, म्हातारीला औषध नाही. बाईंचा कान तसाच झाला होता. घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ती इस्त्रीवाली. मानी आहे बिचारी, तोंडाने मागवत नाही. नवऱ्याचं काम गेलंय ना. नाताळला आपण गरिबांना खाऊची पुडकी वाटतो ना, त्यात यांना जरा मोठं पुडकं देऊ."

"तिने मागितलं का तुझ्याकडे?" पाळकांनी विचारलं.

"मागायला कशाला हवं? माणसाने ओळखावं!"

पाळकांनी मान डोलावली आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा कपाळावर होता.

पुडकी बांधायला चर्चच्या मंडळीतली चार तरुण माणसं आली होती. एका दुकानदाराने डबाबंद सूप आणि बिस्किटं फुकट दिली होती. तारीख उलटायला आली होती, तेव्हाच त्याला दानधर्म सुचला, हे उघड होतं. एका मुलीने डबा हलवून बघितला आणि नाक मुरडलं. बाई हसून म्हणाल्या, "अगं, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा! भुकेल्या माणसाला चव कसली कळतेय?" सगळे हसले. इस्त्रीवालीच्या पुडक्यात बाईंनी दोन डबे जास्त घातले, लोकरीचे मोजे घातले आणि वर लाल फीत बांधली. मनातून फार बरं वाटलं त्यांना.

नाताळच्या संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत पुडकी वाटायला टोळी निघाली. पुढे गिटारवाला, मागे पाळक आणि पुडकी घेतलेली माणसं, सगळ्यांत शेवटी फोन सांभाळत बाई. फोटो काढणं हे बाईंचंच काम. मायदेशातल्या मंडळीला फोटो पाठवावे लागत. पुडकं दिसलं पाहिजे, घेणाऱ्याचे हात त्यावर दिसले पाहिजेत आणि जमलं तर हसू. त्याशिवाय पुढच्या वर्षी पैसे कोण पाठवणार? असा तो व्यवहार.

इस्त्रीवालीच्या इमारतीचा जिना चढताना वास आला. भाजलेल्या कांद्याचा, लोण्याचा, ताज्या पावाचा. पोटातली भूक जागी करणारा वास. वर दार उघडंच होतं. आचारी भांग पाडून, धुतलेला पांढरा डगला घालून उभा, खानावळीत घालायचा तोच. पोरं न्हाऊनमाखून तयार. टेबलावर कडक इस्त्रीचं कापड आणि शेगडीवर झाकण ठेवलेली भांडी.

बाईंनी सगळं पाहिलं. आंधळ्या नव्हत्या त्या. पण त्यांच्या मनात काय आलं माहीत आहे? पुडकं येणार म्हणून घरातलं होतं नव्हतं ते शिजवून बसले! उद्याचं बघायला नको का? हातात आलं की उडवायचं, म्हणूनच वर येत नाहीत हे लोक. अहो, असं आलं मनात. नाताळच्या दिवशी, देवाचं गाणं म्हणायला तोंड उघडता उघडता आलं.

"या, ताई, या! बसा," इस्त्रीवाली म्हणाली. मागचा घोळका बघून ती जरा गोंधळली, पण लगेच हसली. "सगळेच बसा. होईल, पुरेल."

"नाही नाही, बसायला वेळ कुठे! अजून बरीच घरं व्हायचीत," बाई म्हणाल्या. गिटार वाजली, एक गाणं झालं. बाईंनी पुडकं पुढे केलं. आचाऱ्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग पुडक्याकडे. हात पुढे होईना. बाईंना वाटलं, लाजतोय. त्यांनी ते त्याच्या छातीशी टेकवलंच. "घ्या हो, संकोच करू नका. देवाने दिलंय. हं, आता सगळे जवळ या बरं. इकडे बघा!"

फोटो निघाला. पोरगी तेवढी हसली.

"जेवून..." इस्त्रीवालीने तोंड उघडलं, पण तोवर बाई दाराबाहेर होत्या. "आत्ताच झालं हो आमचं!" असं वळूनही न बघता म्हणाल्या. आणि ते साफ खोटं होतं.

जिन्यात खालच्या मजल्यावरचा म्हातारा शेजारी भेटला. डोक्यावर खुर्ची उलटी धरून धापा टाकत वर येत होता. जिन्यातल्या अंधारात त्याने यांना ओळखलं नाही, नुसती वाट द्यायला भिंतीला चिकटून उभा राहिला आणि म्हणाला, "काय हो, वर पाहुणे पोचले का? ते मिशनवालं जोडपं? त्यांची मुलगी येणार नाही म्हणून आचाऱ्याने जेवायला बोलावलंय त्यांना. चार दिवस झाले, माणूस दुसरं काही बोलत नाही. काम सुटल्यापासून त्याने पातेल्याला हात लावला नव्हता हो. खुर्ची कमी पडत होती म्हणाले, म्हटलं आपली नेऊन द्यावी."

 म्हातारा बिचारा पुढे चढला.

पाळकांनी एक पाय वरच्या पायरीवर ठेवला. "अगं, चल. परत जाऊ."

"आता कुठल्या तोंडाने?" बाई पुटपुटल्या. कानशिलं तापली होती. वरून खुर्ची जमिनीवर टेकल्याचा आवाज आला, मग म्हाताऱ्याचं "अरे, गेले?" ऐकू आलं. ते ऐकून तर बाईंनी पायच उचलले. "लोक वाट बघताहेत," म्हणाल्या आणि भराभर उतरल्या. त्याच क्षणी वर गेल्या असत्या तर सगळं निभावलं असतं. हसण्यावारी गेलं असतं. पण घेणाऱ्याच्या जागी बसायची वेळ आली आणि बाई पळाल्या. हो, पळाल्याच. दुसरा शब्द नाही त्याला.

पुढच्या प्रत्येक घरी गाणी झाली, फोटो झाले.  पुडकं देताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची बाईंना लाज वाटायला लागली, आणि न बघता दिलं तर त्याचीही वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई एकट्याच निघाल्या. काहीतरी घेऊन जावं म्हणून त्यांनी कपाट उघडलं, जामची बाटली काढली, परत ठेवली. रिकाम्या हाताने जायचं ठरवलं. पण रिकाम्या हातांचं चालताना करायचं काय, हे त्यांना कळेना. शेवटी कोटाच्या खिशात कोंबले.

दार इस्त्रीवालीनेच उघडलं. "या ना, ताई." आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"मी जेवायला आलेय," बाई म्हणाल्या. पन्नाशी उलटलेली बाई, आणि हे वाक्य जन्मात पहिल्यांदा तोंडातून निघालं. चाचरतच निघालं.

इस्त्रीवाली म्हणाली, "कालचं काही राहिलं नाही हो. तुम्ही गेल्यावर यांनी सगळं शेजाऱ्यांना वाटून टाकलं. म्हणाले, घरात ठेवू नकोस, मला बघवत नाही." मग बाजूला झाली. "आज जे आहे ते आहे. बसा."

टेबलावर आज कापड नव्हतं. मधोमध सूपचे डबे उघडून ठेवलेले, बाजूला बिस्किटं. लाल फीत पोरीच्या केसांत होती. आचाऱ्याने खुर्ची ओढून दिली. डब्यातलं सूप त्याने पातेल्यात ओतलं, घरात होता तो कांदा चिरून घातला, मिरी घातली, गरम केलं. वाडगा भरल्यावर त्याची कड फडक्याने पुसली आणि मगच तो बाईंच्या पुढे ठेवला, उजव्या हाताला चमचा.

बाईंनी पहिला घोट घेतला. कांदा, मिरी, कशाचाच उपयोग झाला नव्हता. पत्र्याची चव सगळ्यावर बसली होती. बिस्किट वाकलं, मोडलं नाही. त्यांनी खाल्लं. समोर पोरं मुकाट्याने खात होती, तशा त्याही खात राहिल्या. घशाखाली उतरत नव्हतं, पण टाकायचं कुठे आणि कुठल्या अधिकाराने?

पोरगा त्यांच्याकडे निरखून बघत होता. "तुमच्या घरीपण हेच खाता का?"

"गप रे," आई म्हणाली.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी आज पहिल्यांदा खाल्लं." त्यांनी चमचा खाली ठेवला. "माझं फार चुकलं हो. तुम्ही माणूस म्हणून बोलावलंत आणि मी..." 

"असू दे, ताई. घाईत होतात तुम्ही," इस्त्रीवाली म्हणाली. खोटंच म्हणाली, बाईंची लाज राखायला. ते कळून बाईंना आणखीच लाज वाटली.

आचारी उठला, वाडगे गोळा करून मोरीपाशी गेला आणि पाठ करून विसळायला लागला. बाई आल्यापासून त्याने एक शब्द काढला नव्हता. बाई धुवायला पुढे झाल्या तर त्याने नुसता हात आडवा केला.

दारापाशी बाई थबकल्या. जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, ते मागून टाकलं. "मला पुन्हा बोलवाल का जेवायला? काही आणणार नाही मी. नुसती येईन, बसेन."

इस्त्रीवालीने मागे वळून नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मग तिने बाईंकडे पाहिलं आणि चांगलं हसून म्हणाली, "बघू."

जिना उतरताना बाईंनी कठडा घट्ट धरला होता. "बघू" म्हणजे काय, ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मिशनच्या दारात आलेल्या कितीतरी जणांना त्यांनी हेच सांगून परत पाठवलं होतं, असंच चांगलं हसून.