रिकाम्या डब्यांचं ओझं
घाटात जळक्या ब्रेकचा वास आला की माझं डोकं आजही सणकतं. सत्तरच्या दशकात पेट्रोल महागलं, तेव्हापासून वडील उतारावर इंजिनच बंद करायचे आणि सगळा भार ब्रेकवर टाकायचे. एकदा तुळजापूरहून सोलापूरला परतताना आई म्हणाली, "अहो, गाडी गिअरमध्ये राहू द्या की." वडील म्हणाले, "पेट्रोल काय फुकट येतंय व्हय?" घाट संपता संपता चाकांतून धूर निघाला, ब्रेक लागेनात, गाडी बांधावर चढून थांबली. वडील आईवरच खेकसले, "तुझ्या नैवेद्याच्या डब्यांचं एवढं ओझं, ब्रेक टिकायचे कसे?" आईनं झाकण उघडून रिकामा डबा त्यांच्यापुढं धरला. वडील म्हणाले, "मग पितळेचे कशाला आणलेस?" आज त्याच उतारावरून मी गाडी गिअरमध्ये ठेवून आणते, आणि डबे मुद्दाम पितळेचेच नेते.