दाजींचा हुंकार

आमच्या दाजींइतका गोष्टींचा हावरा आणि गोष्टींनी उपाशी माणूस अख्ख्या नाशकात सापडणार नाही. समोर टीव्हीवर मालिका, मांडीवरच्या मोबाइलमध्ये रील्स, एका कानात क्रिकेटची कॉमेंट्री आणि दुसऱ्या मोबाइलवर लासलगावचा कांद्याचा भाव. आणि कांदा म्हणाल तर यांच्या घरी फक्त भाजीपुरता! याला ते मल्टिटास्किंग म्हणतात. मी म्हणतो, चार विहिरींत चार दोर सोडून बसलेला माणूस. बादली एकालाही नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो. एक पुस्तक हाती लागलं की आठ-आठ दिवस त्यातच मुक्काम. त्यामुळे हा तमाशा मला बघवत नाही आणि मी तसं तोंडावर सांगतो. दाजी हसतात. "भाऊ, तुम्ही जुन्या जमान्यातले. आम्ही सगळं दीडपट वेगानं बघतो." बघतात खरे! एकदा थिएटरातून बाहेर पडताना त्यांनी ताईला विचारलं, "मग खून केला कोणी?" ताई म्हणाली, "तुम्हीच. माझ्या सिनेमाचा."

इथवर सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण आमच्या वडिलांना गोष्ट सांगताना हुंकार लागतो. वाक्य संपलं की ऐकणाऱ्यानं 'हं' म्हणायचं. 'हं' थांबला की गोष्ट थांबते, ही आमच्या कळवणकडची रीत. एका रविवारी वडील आपण होऊन आक्काबद्दल, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीबद्दल, बोलायला लागले. ती लहानपणीच गेली. कशी गेली, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. हुंकाराचा मान जावयाला. मोबाइल हातात होताच.

"गिरणेला पूर आला व्हता. आक्का लय धीट. तिनं मला काठावर ढकललं…"

"हं."

"…आन् तिचाच हात सुटला."

दाजी खो खो हसले. रीलमधलं माकड कुणाचा तरी चष्मा घेऊन पळालं होतं.

वडिलांनी टोपी घातली. "झाली गोष्ट, जावईबापू."

त्या दिवशी मी दाजींना जे बोललो ते छापण्याजोगं नाही. ताईनंही मला अडवलं नाही.

आता दाजी आले की दोन्ही मोबाइल ताईच्या हवाली करतात आणि वडिलांसमोर मांडी घालून बसतात. "मामा, आक्काचं सांगा ना पुढं." वडील म्हणतात, "चहा घ्या." चहा संपतो, तरी दाजी हलत नाहीत. रिकामा कप धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात. परवा वडील नुसते खाकरले, तर हा माणूस घाईघाईनं म्हणाला, "हं."