पिकअपखालचा जावई

व्हिडिओतला माणूस फार पाल्हाळ लावत होता, म्हणून शेवटचा भाग मी बघितलाच नाही. चूक झाली ती एवढीच. बाकी सगळं त्यानं सांगितलं तसंच केलं होतं. पिकअपचं मागचं अंग जॅकनं उचललं, लोखंडी घोड्यांवर टेकवलं, दोन्हीकडच्या पाट्यांमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांमध्ये, एकेक जादा पान घातलं आणि पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत, चाकं हवेत लोंबत असतानाच, सगळे बोल्ट आवळून टाकले. शेजाऱ्याकडून आणलेला पान्हा ठरलेल्या जोरावर आला की ‘टक्’ वाजतो. तिथं थांबायचं असतं. मी टक् वाजल्यावरही दातओठ खाऊन आणखी पाव फेरा दिला. आपल्याकडं भाजीवालीसुद्धा वर दोन मिरच्या टाकतेच की.

गाडी उंच करायची गरज बायकोला होती. तिची रोपवाटिका करमाडला, माहेरच्या रानात. डांबरी सोडून रानात शिरलं की मध्ये एक चर लागतो आणि भरलेल्या पिकअपचं पोट तिथं खरवडून निघायचं. “मी बघतो,” असं मी म्हणालो. मी कचेरीत बसणारा माणूस. आमच्या घरात ‘मी बघतो’ ऐकलं की पोरगी मोबाइलवर मिस्त्रीचा नंबर शोधायला लागते. या वेळी मी तिला शोधू दिला नाही.

घोड्यांवरून उतरवल्यावर गाडी झकास उंच दिसत होती. पहिल्या गतिरोधकावर मागून आवाज आला, ‘कुंईऽऽक’. दुसऱ्यावरही आला. मग गतिरोधक नसतानाही यायला लागला. शिवाय गाडी अशी आखडली होती की जरा खड्डा आला तरी आम्ही दोघं सीटवरून उडायचो.

एरवी मी तेल सोडून गप्प बसलो असतो. पण बायकोला आयुष्यातली पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती. खुलताबादच्या एका बागवाल्याला सीताफळाची कलमं पोचवायची होती. कलम म्हणजे दोन झाडांचा जोड. तो हादऱ्यानं सुटला की रोप गेलं. बागवाल्यानं बजावून ठेवलं होतं, जोड हललेलं एकही रोप उतरवून घेणार नाही, आणि ही खेप नीट आली तर पुढची सगळी बाग तुमच्याच कलमांची. बायको वर्षभर त्या कलमांना लेकरांसारखं जपत होती. आणि ती जाणार होती माझ्या कुंईऽऽक वाजणाऱ्या गाडीतून.

खेप पोचवायच्या आदल्या दिवशी करमाडला माझं धोंड्याचं जेवण होतं. अधिक महिना म्हणजे जावयाची चैन. त्याला नारायण समजून पाय धुतात, ओवाळतात आणि पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. आम्ही दारात उतरलो तेव्हा मेहुणा हसतच बाहेर आला.

“दाजी, तुमी व्हय? मला वाटलं कुणी बिनतेलाचा रहाट ओढत आणतंय.”

सासूबाईंनी पाय धुतले, कुंकू लावलं. मी सहा धोंडे खाल्ले, सातव्याला नको म्हणालो, आणि आग्रह झाल्यावर तोही खाल्ला. मग बाजेवर आडवा होणार, तोच बायको मोबाइल घेऊन समोर उभी राहिली.

“तो व्हिडिओ लावा. शेवटपर्यंत. माझ्यासमोर.”

लावला. आणि ज्या ठिकाणी मी परवा बंद केला होता, त्याच्या पुढच्याच वाक्यात तो पाल्हाळिक माणूस म्हणाला की हवेत बोल्ट नुसते धरून ठेवायचे, शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करून, रोजचं वजन टाकूनच करायचं. पाट्याच्या टोकांना रबरी बुश असतात. हवेत आवळलं तर रबर लोंबत्या चाकाच्या बेतानं पकडलं जातं, आणि वजन आलं की कायमचं पिळलेलं राहतं. मग ते कुरकुरतं, गाडी आखडते, शेवटी रबर फाटतं.

“म्हणजे परकराची नाडी आडवं पडून बांधायची नसती,” बायको म्हणाली. “उभं राहूनच बांधायची. एवढ्यासाठी व्हिडिओ लागतो का?”

सासूबाई पदरात हसल्या. मी उठलो. सासऱ्यांची जुनी लुंगी नेसलो आणि गाडीतच राहिलेला शेजाऱ्याचा पान्हा काढला.

आता प्रश्न आला वजनाचा. कलमं चढवू द्यायला बायको तयार नव्हती. “खाली तुमची ठोकाठोक आन वर माझी कलमं? नाय.”

“वजन हाय की आपल्याकडं,” सासरे म्हणाले. त्यांची मेंढरं समोरच रवंथ करत होती. “भरू का?”

“मेंढरं एका कोपऱ्यात दाटत्यात, आबा,” मेहुणा म्हणाला. “गाडी कलंडायची.”

उरली माणसं. सासरे, मेहुणा, त्याची बायको आणि दोन चुलत सासवा चढल्या. गाडी थोडीच दबली. सासूबाई चढल्याशिवाय वजन पुरणार नाही, हे सांगायला मला फार जपून शब्द निवडावे लागले. त्यांनी शब्दांकडं लक्षच दिलं नाही. त्या कानाला हात लावून मागं सरकल्या.

“नको बाई. आत्ता तर पाय धुतले त्यांचे. नारायण खाली आन माझे पाय त्याच्या डोक्यावर? कुठं फेडू हे पाप?”

हे ऐकून चुलत सासवा पटापट खाली उतरल्या. मेहुण्याची बायकोही उतरली. दिवस कलायला लागला होता. मी म्हणालो, मला चालेल. सासूबाई म्हणाल्या, तुमाला चालंल, देवाला चालायचं नाय. सासरे विडी काढून बसले. सगळी कलमं सावलीत ओळीनं उभी होती, आणि बायको त्यांच्याकडं बघत होती. मग ती आईकडं वळली.

“आई, नारायण मघाशीच जेवून गेला. हा मिस्त्री हाय.”

सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. लुंगी, हातात पान्हा, कपाळाच्या कुंकवात मिसळलेलं काळं ग्रीस. त्यांना पटलं.

“मंग बसते,” म्हणाल्या, आणि चढल्या. मागोमाग सगळे चढले. मी चाकांना दगड लावले आणि खाली शिरलो.

मी जावई नाही हे एकदा ठरल्यावर या लोकांची जीभ अशी सुटली, की इतक्या वर्षांचं सगळं साठवून ठेवलं होतं की काय कोण जाणे.

“मिस्त्री, रोजानं आलाव का उक्तं?” वरून सासरे.

“आवरा लौकर, आमची म्हातारी माणसं उन्हात बसलीत,” मेहुणा. आणि मग बहिणीला, “अक्का, मिस्त्रीला च्या द्यायचा का?”

“काम बघून,” बायको म्हणाली. ती चाकापाशी उकिडवी बसून माझ्या हातांवर नजर ठेवून होती.

एवढ्यात सासूबाई बोलल्या. इतक्या वर्षांत माझ्याशी बोलताना ज्यांनी मान वर केली नाही, त्या सासूबाई. “मिस्त्री, जेवताना लई चपळ होता की तुम्ही.”

सगळी गाडी हसून हलली. मी म्हणालो, हलू नका, वजन सरकतंय.

पहिला बोल्ट सैल केला तसं पिळलेलं रबर ‘कर्रर्र’ करत सुटलं आणि गाडी अंग टाकल्यासारखी खाली बसली. वर किंकाळी. “अगं बया, पडली!” पडली नव्हती. सगळे बोल्ट सैल करून गाडी नीट बसू दिली, मग एकेक आवळत गेलो. टक्. “वाजलं!” वरून सगळे एका सुरात. टक्. “वाजलं!” आजूबाजूची पोरं गोळा झाली. शेवटच्या बोल्टला टक् वाजलं आणि सवयीनं माझा हात आणखी रेटायला गेला.

“वाजलं ना? सोडा,” बायको म्हणाली. मी सोडला.

दुसऱ्या दिवशी ती गाडी चालवत होती आणि मी मागं कलमांत बसलो होतो, रोपं सावरायला. चरात पोट घासलं नाही. घाट चढताना गाडी पाण्यावरून जावी तशी गेली. कुरकुर करणारा एकटा मीच होतो, मांडी घालून पाय बधिर झाले होते म्हणून.

बागवाला चष्मा लावून एकेक जोड अंगठ्यानं दाबून बघत होता. बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. शेवटचं रोप बघून तो म्हणाला, “उतरवा सगळी. पुढची खेप कधी आणता, ताई?”

ताई उतरवायला धावल्या. पण गाडी आता उंच झालेली, आणि चढवायला होता तसा मेहुणा इथं नव्हता. ती टाचा उचलून हात लांबवत होती, बोटं नुसती पिशव्यांना लागत होती, रोप काही हातात येईना. शेवटी सगळी कलमं मीच वाकून वाकून तिच्या हातात दिली.

परतताना मी पुढं बसलो. कौतुक कुठल्याही क्षणी येईल म्हणून दौलताबादपर्यंत वाट बघितली. आलं नाही. मग मीच विचारलं, “कशी चालली गाडी?”

“लई ब्येस चालली,” ती म्हणाली. “आता फक्त चार बोटं खाली घ्या. माझा हात पोचत नाय.”