पंचामृत प्यायलेलं इंजिन

धारच्या नौगाव भागात कमलताई शितोळ्यांचं घर विचारा, लोक घर सांगणार नाहीत, गाडी सांगतील. लाल गाडी, बुटकी, मागच्या काचेवर छोटासा पंख, आणि सुरू झाली की गल्लीतली कुत्री उठून बसतात. चालवणारी कुणी कॉलेजची पोरगी असेल असं वाटतं, पण कमलताई चोपन्न वर्षांच्या आहेत, गंधवानीच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहेत आणि थंडीत त्यांच्या गुडघ्याला पट्टा लागतो. तरी गिअर त्या असा टाकतात की शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नाही.

गंधवानीला बदली झाली तेव्हा यजमान म्हणाले, बसने जा. यजमानांचं नाव संग्राम, पण माणूस असा की भाजीवालीशीसुद्धा कधी शब्दाला शब्द केला नाही. कमलताई वर्षभर बसने गेल्या, सत्तर किलोमीटर जाताना आणि सत्तर येताना. मग देवासला भाचीच्या लग्नात मांडवाबाहेर ही गाडी उभी दिसली. तीन वर्षं वापरलेली, विकायची होती. घ्यायचीच तर उंच घ्या, पांढरी घ्या, पेट्रोल कमी पिणारी घ्या, असं मांडवातल्या झाडून सगळ्यांनी सांगितलं. कमलताईंनी शालू सावरत टेकडीच्या रस्त्याने एक चक्कर मारली. एवढ्याशा गाडीत सोळाशे सीसीचं इंजिन, दुसऱ्या गिअरमध्ये तिने अशी काही उचल खाल्ली की बाई एकट्याच मोठ्याने हसल्या. शाळा, नोकरी, नवरा, सगळं आजवर कुणी ना कुणी निवडून दिलं होतं. ही त्यांनी स्वतः निवडली, आणि परत येऊन कुणाला न विचारता हो म्हणून टाकलं.

अशी गाडी घेणं सोपं असतं, सांभाळणं सोपं नसतं. चार वर्षांत कंपनीने ते मॉडेलच बंद केलं. धारमधले मेकॅनिक बॉनेट उघडायचे, आत बघायचे आणि चहा मागवायचे. शेवटी देवासचा भूपेंद्र सापडला. पस्तिशीचा मराठी पोरगा, औद्योगिक भागात एका शेडमध्ये गॅरेज, आणि या इंजिनावर जीव. कमलताई दर सहा महिन्यांनी शंभर किलोमीटर गाडी चालवत त्याच्याकडे जातात. तिथे खुर्चीत बसून मोबाइल बघत नाहीत, पदर खोचून त्याच्या खांद्यावरून वाकून बघतात आणि प्रश्न विचारून त्याचं डोकं खातात. ऑपरेशन थिएटरमध्ये वीस वर्षं उभ्या राहिलेल्या बाईला पाना ओळखायला काय वेळ लागणार? भूपेंद्रच्याच सांगण्यावरून त्यांनी बंद मॉडेलचे सुटे भाग मिळतील तिथून जमवले. ते सगळे त्यांच्या पलंगाखालच्या लोखंडी पेटीत असतात, जुन्या पैठणीच्या शेजारी, तितक्याच जपून गुंडाळलेले.

यंदाच्या ऑक्टोबरात गाडीला पंधरा वर्षं झाली. म्हणजे परिवहन कार्यालयात तपासणी, पास झाली तर आणखी पाच वर्षं, नाही तर भंगार. तारीख मिळाली दसऱ्यानंतरच्या सोमवारची. संग्रामराव हळूच म्हणाले, "अगं, राहू दे आता. चांगली मोठी गाडी बघू, ऑटोमॅटिक."

"माझी पास होणार," कमलताई म्हणाल्या. गाडीबद्दल बोलताना त्या "माझी" म्हणतात. पुढे नाम लावायची गरज त्यांना वाटत नाही.

घरात खरी सत्ता सासऱ्यांची. जयसिंगराव शितोळे, त्र्याऐंशी वर्षांचे, वनखात्यातून निवृत्त, सगळ्यांचे आबासाहेब. खंडेनवमीला त्यांच्या घरी शस्त्रपूजा असते: तलवार, कट्यार, परवान्याची जुनी बंदूक, आणि त्यांच्या शेजारी संग्रामरावांची स्कूटर. शस्त्राला आधी पंचामृताचं स्नान, मग पाण्याचं, मग कोरडं पुसून तेलाचा हात, ही त्यांच्याकडची रीत. लाल गाडीला मात्र बारा वर्षांत कधी झेंडूचं फूल मिळालं नव्हतं. "ते खेळणं आहे," आबासाहेब म्हणत. कमलताई मग सगळं आटोपल्यावर स्वतःच एक फूल वायपरला खोचून कामावर जायच्या. त्यांना वाईट वाटायचं. बोलून मात्र दाखवलं नाही.

यंदा पूजा संपत आली आणि आबासाहेब पाटावरून उठले नाहीत. म्हणाले, "सूनबाई, तुमच्या गाडीची सोमवारी परीक्षा आहे ना? मग आज तिचीपण पूजा होऊन जाऊ द्या."

कमलताईंना काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी धावत जाऊन बॉनेट पुसलं, त्यावर स्वस्तिक काढायला कुंकू आणलं. आबासाहेब काठी टेकत आले आणि नाराजीने बघत राहिले.

"म्यानाची पूजा करतात का कुठे? पातं दाखवा."

बरोबरच होतं त्यांचं. कमलताईंनी बॉनेट उघडलं. एवढ्यावर थांबायचं की नाही? पण आदल्या रविवारी दोन तास खपून त्यांनी इंजिन आरशासारखं केलेलं, ते सासऱ्यांना दिसलं पाहिजे ना! इंजिनावरचं काळं प्लास्टिकचं झाकणसुद्धा त्यांनी उचलून बाजूला ठेवलं. भूपेंद्रने शंभरदा सांगितलं होतं, ताई, ते झाकण शोभेचं नाही. त्या वेळी भूपेंद्र कुणाला आठवतो!

आबासाहेबांनी मंत्र म्हटला आणि दूध, दही, तूप, मध, साखरेची अख्खी वाटी इंजिनाच्या मधोमध ओतली. कमलताईंचं तोंड उघडलं आणि मिटलं. बारा वर्षांनी मिळालेला मान होता तो, त्याला "थांबा" कोणत्या तोंडाने म्हणायचं? वर तांब्याभर पाणीही पडलं. पूजा झाल्यावर दिसलं तेवढं त्यांनी फडक्याने टिपून घेतलं. गाडी सुरू करून बघितली, सुरू झाली. देव पावला, असं म्हणून त्या पुरणपोळ्या लाटायला गेल्या.

शुक्रवारी गंधवानीहून परतताना गाडी थरथरायला लागली. चढावर दम तोडायची, समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला, आणि जळक्या बासुंदीचा वास. वीसच्या वेगाने त्यांनी ती घरी आणली. नाक्यावरच्या मेकॅनिकने कान लावून ऐकलं आणि निकाल दिला, "भाभीजी, इंजन बैठ गया. अब इसमें पैसे मत लगाओ."

"इंजन नहीं बैठा, भिया. तुम बैठ गए," कमलताई म्हणाल्या आणि त्यांनी भूपेंद्रला फोन लावला.

भूपेंद्रला सगळं सांगताना पंचामृताशी आल्यावर त्यांची जीभ अडखळली. तिकडे तो हसू दाबत होता हे त्यांना कळलं.

"ताई, टेंशन नका घेऊ. प्लग आहेत ना, ते खोल विहिरीसारख्या भोकात बसतात, वरून त्यांना करंट देणारी कॉइल. कॉइलचे रबर जुने झालेत, तिथून सगळं आत उतरलं असेल. मला इकडून दोन दिवसांत निघणं होणार नाही. तुम्ही स्वतः खोला. पण प्लग काढायच्या आधी ती भोकं एकदम साफ पाहिजेत. कचरा सिलिंडरमध्ये गेला, तर मग खरंच इंजन बसेल."

रात्री जेवताना आबासाहेबांनी विचारलं, "काय झालं गाडीला?" संग्रामराव ताटात बघायला लागले. गाडी म्हातारी झाली, एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण मग म्हातारी गाडी ठेवायची कशाला, हा पुढचा प्रश्न आलाच असता. आणि खोटं बोलून गाडीवर आळ घेणं कमलताईंना जमेना.

"आबासाहेब, पंचामृत आत गेलं. चूक माझी. झाकण मी काढलं आणि आपण ओतत असताना मी बोलले नाही."

आबासाहेबांनी हातातला घास खाली ठेवला. हात धुतले आणि आपल्या खोलीत गेले. संग्रामराव पुटपुटले, "कशाला सांगितलंस?" कमलताई डोळे पुसत ताटं उचलायला लागल्या.

शनिवारी सकाळी त्यांनी अंगणात चटई अंथरली. पहिली कॉइल जागची हलेना, आत मध आणि साखरेची चिक्की झालेली. गरम पाण्याचे थेंब सोडत, इकडून तिकडे हलवत अर्ध्या तासाने ती निघाली. चौथ्या कॉइलला तडा होता, पण तिच्या जागी लावायला दुसरी पलंगाखालच्या पेटीत होती. खरी अडचण भोकांची. सिरिंजला नळी लावून त्यांनी पातळ तेवढं ओढून घेतलं. तळाशी चिकटलेला काळा थर तसाच राहिला. चिमटा पुरेना, पेन्सिल पुरेना. लाटणं जाड, भोकात जाईना.

"बाजूला व्हा जरा."

आबासाहेब मागे उभे होते. हातात बंदूक साफ करायचा लांब गज, टोकाला सुती चिंधी घट्ट गुंडाळलेली. "नळी चाळीस वर्षं साफ केली आहे मी," ते म्हणाले. "चिंधी भिजवायची, पण निथळू द्यायची नाही. आणि गज एकाच दिशेने फिरवायचा. उलटा फिरवलात तर चिंधी आत राहते."

कमलताईंनी दवाखान्यातलं स्पिरिट आणलं. मग सासरा आणि सून दुपारपर्यंत एका इंजिनावर वाकून राहिले. आबासाहेब गज फिरवायचे, कमलताई चिंधी काढून नवी गुंडाळायच्या, टॉर्च धरायच्या. प्रत्येक चिंधी ते उन्हात धरून बघत आणि "अजून मळ आहे" म्हणत. चौथ्या भोकाच्या वेळी ते थकून गाडीला टेकले, तेव्हा कमलताईंनी विचारलं, मी करू का? त्यांनी गज दिला, पण नजर काढली नाही. "हळू. एकाच दिशेने." शेवटची चिंधी पांढरी निघाली. मग प्लग काढून पुसले, आधी बोटांनी बसवले आणि मग भूपेंद्रने फोनवर सांगितलं तेवढंच पाना मारून आवळले.

चावी फिरवताना कमलताईंनी डोळे मिटले होते. गाडी एकदा खोकली, भकाभका पांढरा धूर सोडला, सगळ्या गल्लीत बासुंदीचा वास सुटला. मग आवाज सरळ झाला. शितोळ्यांच्या घरात खुशी बोलून दाखवायची पद्धत नाही, त्यामुळे आबासाहेब फक्त म्हणाले, "आता जेवायला वाढा."

सोमवारी सकाळी ते कोट घालून, फेटा बांधून दारात तयार होते. "मी येतो," म्हणाले. कशाला, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

तपासणीस तरुण होता. त्याने चेसिस नंबर ताडून पाहिला, दिवे, हॉर्न, ब्रेक बघितले, धुराची तपासणी केली, मग स्वतः चाक हातात घेऊन मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. ती पाच मिनिटं कमलताईंना पाच वर्षांसारखी गेली. दुसरा पुरुष आपली गाडी चालवतोय आणि आपण उभं राहून बघायचं, यासारखा जाच नाही. दुसऱ्या फेरीत त्याने जरा जास्तच दाबलं. गाडीने उचल खाल्ली, आणि उतरताना त्याच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते कमलताईंनी ओळखलं. देवासच्या टेकडीवर त्या तशाच हसल्या होत्या.

त्याने शिक्का मारला, सही केली, आणि कागद घेऊन थेट बाकावर बसलेल्या आबासाहेबांकडे गेला. "लीजिए दादाजी. पांच साल और. बहुत बढ़िया रखी है आपने गाड़ी."

आबासाहेबांनी हात पुढे केला नाही. घराचा उतारा, बंदुकीचा परवाना, सुनेच्या पगाराचं पहिलं पाकीट, घरात आलेला प्रत्येक कागद आजवर त्यांच्याच हातात पडला होता. कमलताई चार पावलांवर उभ्या होत्या.

"हमने नहीं रखी, भिया," आबासाहेब म्हणाले. "हमने तो बिगाड़ी थी. गाड़ी बहू की है, कागज़ उन्हें दो."