खिडकीतून टाकलेला रुमाल

एसटी फलाटाला लागली, तसा एकाने खिडकीतून सीटवर रुमाल टाकला. माझ्या आधी गाडीत चढलेली म्हातारी त्या रुमालाकडे बघत नुसती उभी राहिली. मला एकदम माझी जुनी कचेरी आठवली.

इंटरनेट नवं होतं, तेव्हा वेबसाइटची नावं देणाऱ्या कचेरीत मी कामाला होते. नियम एकच होता, आधी मागेल त्याला नाव. नाव मोकळं आहे ना, एवढंच मी बघायचे. असंच एकदा विणकरांच्या एका गावाचं नाव मी कुणा लांबच्या व्यापाऱ्याला देऊन टाकलं. महिन्याभराने गावातले एक वयस्क विणकर आले.

"तुम्ही उशिरा आलात, काका," मी म्हटलं.

"उशिरा कसले? आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तिथंच आहोत की, बाई!"

पुढे समित्या बसल्या, वाद ऐकायचे नियम झाले. ते नाव मात्र गावाला मिळालं नाही. अजूनही मोकळी जागा दिसली की मला आधी भीती वाटते, ही नक्की मोकळीच आहे ना?

म्हातारीसाठी तो रुमाल उचलायला मी हात पुढे केला. तेवढ्यात मागच्या सीटवर, जागा धरायला मघाशी मीच खिडकीतून टाकलेली माझी पिशवी दिसली. ती उचलायला मात्र हात उठेना.