स्मरणशक्तीची शिकवणी

मी पेशंटला तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा म्हणते, थोडं इकडचं तिकडचं विचारते आणि मग ते शब्द परत मागते. कंदील, पेरू, चादर. बरीच वर्षं हेच तीन शब्द चालले. बदलायची गरजच पडली नाही. ज्याला ते पुढच्या खेपेपर्यंत आठवतील, तो स्मृतिभ्रंशासाठी माझ्याकडे येणार कशाला?

हिमायतनगरच्या माझ्या दवाखान्यात ते काका दुसऱ्यांदा आले, तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "कंदील, पेरू, चादर."

मी म्हटलं, "नमस्कार."

"शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी," काका म्हणाले. शंभरातून सात-सात वजा करायला मी अजून सांगितलंच नव्हतं. मग माझं पॅड ओढून घेऊन त्यांनी त्यावर घड्याळ काढलं. तेही मी मागितलं नव्हतं.

काका निवृत्त वकील. शेजारी काकू बसल्या होत्या. जामबागेतल्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं आणि स्कॉलरशिपला पोरं बसवली होती. आता त्यांच्या चेहऱ्यावर निकालाच्या दिवशीचं समाधान होतं. मागे मुलगा उभा होता. तो बंगळूरहून खास आला होता.

"मॅडम, बाबा रोज संध्याकाळी आरडाओरडा करतात," तो म्हणाला. "परवा ताट फेकलं. अंबरपेठेतले शेजारी मला फोन करतात. मी तिकडे अशा पेशंटांना ठेवून घेणारं एक केंद्र बघून ठेवलंय. बाबांना तिथे ठेवू, आई माझ्याकडे राहील. फक्त तुम्ही हो म्हणा."

"कशाला हो म्हणतील?" काकू म्हणाल्या. "मार्क वाढलेत."

मी काकांना म्हटलं, "आता हे तीन लक्षात ठेवा. डोंगर, कात्री, ताक."

काकांनी काकूंकडे पाहिलं. "हे सिलॅबसमध्ये नव्हतं."

थोड्या वेळाने मागितले तेव्हा एकही शब्द आला नाही. महिना कोणता ते सांगता आलं नाही. काकू म्हणाल्या, "सकाळी सांगितला होता की हो." मी मुलाला म्हटलं, काकांना खाली नेऊन चहा पाजा.

ते गेल्यावर विचारलं, "शिकवणी कधी घेता?"

"रोज दिवेलागणीला. मागच्या वेळचे तुमचे सगळे प्रश्न माझे पाठ आहेत."

"चुकले की?"

"परत घेते."

"आणि मग ते ओरडतात."

"ओरडतातच. पोरंही रडायची. नंतर पास व्हायची."

मी त्यांना सरळ सांगितलं. हा आजार शिकवणीने मागे हटत नाही. काकांनी तीन शब्द घोकले म्हणजे तीन शब्द घोकले, बाकी काही परत आलं नाही. अशा माणसाचं डोकं संध्याकाळी सगळ्यात थकलेलं असतं आणि नेमकी तीच वेळ तुम्ही परीक्षेला धरता.

"मग मार्क?"

"पडू देत."

"पडले तर मुलगा त्यांना घेऊन जाईल. ते केंद्रात, मी त्याच्या घरी. लग्न झाल्यापासून बाळंतपणं सोडली तर मी वेगळी राहिलेली नाही, डॉक्टर."

"तो मार्कांमुळे नेत नाहीये, काकू. ओरडण्यामुळे नेतोय."

गणिताच्या माणसाला एकदा पायरी दिसली की पुढे समजावत बसावं लागत नाही.

"हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "मी उगाच परेशान."

"तुम्ही विचारलं नाही."

"तुम्ही पण नाही विचारलं."

तेही खरं होतं.

मुलगा वर आल्यावर मी त्याला सांगितलं की दोन महिने काकांना एकही प्रश्न विचारायचा नाही. चुकीचं बोलले तरी सुधारायचं नाही. अंधार पडायच्या आधी घरातले दिवे लावायचे आणि दिवसा मदतीला एक बाई ठेवायची. बाईला काकूंचा विरोध होता. मी तो ऐकून घेतला आणि बाई ठेवायला सांगितली.

"आणि नाहीच जमलं तर?" मुलाने विचारलं.

"तर तुमचं केंद्र कुठे पळून जात नाही."

दोन महिन्यांनी तिघं परत आले. काकांना शब्द आठवले नाहीत, महिना सांगता आला नाही. मुलाला ते आपला ज्युनिअर समजले आणि तारीख मिळाली का म्हणून विचारू लागले. मुलगा म्हणाला, "मिळाली, बाबा. पुढची." आठवडाभर तो अंबरपेठेत राहून संध्याकाळ बघत होता. एकदा आवाज चढला होता, ताट एकदाही उडालं नव्हतं.

"यंदा राहू देत इथेच," तो मला म्हणाला. "केंद्राला नको म्हणून कळवतो. पुढचं पुढे."

मीही पुढचं काही कबूल केलं नाही. हा आजार वाढतोच.

"मार्क किती?" काकूंनी विचारलं. मी सांगितले.

"एवढे कमी? यांना मी स्कॉलरशिपला बसवलंच नसतं."

जाताना काकांनी दाराशी स्वतःच चपला घातल्या. वेळ लागला, आणि उजवी डाव्या पायात गेली. काकूंनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.

चपला मात्र मी बदलायला लावल्या. पुढे जिना आहे.