वहिनींच्या दोन पराती

मला बोलायला उभं केलं की लोक खुर्च्या पुढे ओढतात. आयुष्यातली ही एवढी एकच कमाई आणि तिचा मला भारी अभिमान. त्यामुळे हा किस्साही रंगवूनच सांगतो. फक्त या वेळी शेवटपर्यंत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नागपुरात हवेच्या प्रदूषणावर संशोधन करत होतो, म्हणजे कोराडीच्या वीजकेंद्राची राख गोळा करत होतो. तिथल्या वसाहतीत माझा एक वर्गमित्र राहायचा. त्याच्या गच्चीवर पितळी परात ठेवायची, संध्याकाळी त्यात पडलेली राख ब्रशनं पुडीत झाडून घ्यायची, एवढीच माझी प्रयोगशाळा. हे काम अर्थातच त्याच्या बायकोच्या गळ्यात पडलं. वहिनी इंटर सायन्स पास होत्या. लग्न झालं आणि कॉलेज सुटलं.

तिसऱ्याच दिवशी त्या म्हणाल्या, "भाऊजी, परात एकदाच काहून उचलता? सकाळी धूर खाली बसते, दुपारी वर जाते. माह्या कुरडया सकाळीच काळ्या होतात. दोन पराती ठेवा न."

"घ्या!" मित्र ओरडला. "आता कुरडया तुले शास्त्र शिकवतील गा!"

मीही हसलो, पण पराती दोन केल्या. सकाळची राख दुपारपेक्षा कितीतरी जास्त निघाली. त्याच जोरावर मला युरोपातली उन्हाळी शिष्यवृत्ती मिळाली. साऱ्या जगाला भेडसावणाऱ्या प्रश्नांवर काम करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांसाठी होती ती.

निघताना वहिनींनी एकच मागितलं. "छापून येईल त्यात माहं नाव टाकाल न?"

"सगळ्यात वर! आणि वहिनी, मी नसताना खंड पडू देऊ नका."

शेवटच्या दिवशी तिथे प्रत्येकाचं भाषण होतं. माझ्या आधीच्यानं समुद्राच्या पाण्यावर बोलून अर्धी सभा झोपवली होती. झोपलेले श्रोते मला बघवत नाहीत. मी टेबलावरची चादर ओढली, डोक्यावर पदर घेतला, बिस्किटांचा ट्रे कमरेवर ठेवला आणि समोरच्या खांबालाच धुराडं समजून हातवारे सुरू केले. झालो खेड्यातली अडाणी बाई! ती कुरडयांसाठी धुराड्याला शिव्या घालते आणि त्या ऐकून एका हुशार तरुणाला दोन परातींची कल्पना सुचते. सभागृह हसून हसून कोसळलं. वहिनींचं नाव घेतलं असतं तर गंमत गेली असती, म्हणून घेतलं नाही.

सगळ्यांची भाषणं टिपून त्यांची एक पुस्तिका केली होती. परत आल्यावर चॉकलेटं आणि ती पुस्तिका घेऊन मी थाटात कोराडीला गेलो. वहिनी ती वाचतील, हे माझ्या मनातही आलं नाही. मीच रंगवलेल्या अडाणी बाईवर माझाच विश्वास बसला होता.

त्यांनी माझं पान उघडलं. आधी वर पाहिलं, मग खाली, मग मागचं पान. नाव नव्हतं. मग ओळीखाली बोट ठेवून वाचू लागल्या. एका जागी बोट थांबलं.

"भाऊजी, इथं कंसात लिहिलं हाये, लोक हसले. काहून हसले?"

"माझ्या इंग्रजीवर हसले, वहिनी."

त्यांनी वरच्या चार ओळी पुन्हा वाचल्या. पुस्तिका मिटून माझ्याजवळ ठेवली.

"चहा टाक वं," मित्र म्हणाला.

त्या आत गेल्या आणि चहाऐवजी एक वही आणि बुटांचा खोका घेऊन आल्या. खोक्यात पुड्या होत्या. तीन महिने, रोजच्या दोन. वहीत पावसाळ्यातल्या दिवसांपुढे लिहिलं होतं, "पाऊस. परातीतलं पाणी आटवून राख काढली." पाण्यातून राख काढायची ही युक्ती मी त्यांना शिकवलेली नव्हती.

"खंड पाडू नका म्हणाले होते न," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्या पुड्यांवर माझा पुढचा लेख उभा राहिला. आता त्यांचं नाव टाकलं, तर आधी का नव्हतं हे कुणीतरी विचारेल, अशी भीती वाटली. त्यातही टाकलं नाही.

चादर डोक्यावर घेऊन तो किस्सा मात्र मी पुढेही सांगत राहिलो. हशा आला की तिथेच थांबायचो.